संकेतस्थळाला वाचक कसे मिळतात?

संकेतस्थळ सुरू करणे आता अवघड राहिलेले नाही. एखादे शिक्षक, डॉक्टर, गावचे वाचनालय किंवा शेतीविषयी लिहिणारे निवृत्त अधिकारी, कोणीही दोन-चार दिवसांत ते उभे करू शकतात. अवघड असते ते पुढचे. लेख चढवून होतात, ओळखीची मंडळी पाहून 'छान आहे' म्हणतात, आणि महिन्याभराने लक्षात येते की ओळखीच्या मंडळींखेरीज तिकडे कोणी फिरकलेलेच नाही. मी एका मराठी माहितीपर संकेतस्थळाचे संपादन पाहतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो : "लेख चांगले आहेत हो, पण लोक येत नाहीत. काय करावे?"

असे विचारणाऱ्याला बहुधा एखादी जाहिरातही आलेली असते. महिन्यात अमुक हजार 'हिट्स' मिळवून देऊ, एवढे पैसे पडतील. म्हणून आधी हिट म्हणजे काय ते पाहू. आपण एखादे पान उघडतो तेव्हा आपला संगणक किंवा मोबाइल त्या स्थळाकडे आधी पानाचा मजकूर मागतो आणि मग पानावरचे प्रत्येक चित्र वेगवेगळे मागतो. अशी प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट. पानावर वीस चित्रे असली, तर एका माणसाने एकदा पान उघडले की एकवीस हिट्स लागल्या. चित्रे चाळीस करा, हिट्स एकेचाळीस होतील. वाचक मात्र तोच एक. त्यातही मागणी करणारा माणूसच असतो असे नाही. महाजालावर रात्रंदिवस पाने वाचत फिरणारे यांत्रिक प्रोग्रॅम असतात, त्यांच्याही हिट्स त्यात मिसळतात. पैसे घेऊन वाढवून दिलेल्या हिट्स बऱ्याचदा या जातीच्या असतात. त्या लेख वाचत नाहीत आणि शेजाऱ्याला सांगतही नाहीत.

मोजायचेच तर भेटी मोजाव्यात. तो हिशेबही काटेकोर नसतो, कारण स्थळाला माणूस ओळखता येत नाही, त्याच्या हातातले यंत्र तेवढे ओळखता येते. घरातला एकच मोबाइल आई, मुलगा आणि आजोबा वापरत असतील तर तिघे मिळून एक वाचक. एकच माणूस दुपारी कार्यालयातल्या संगणकावर आणि रात्री मोबाइलवर वाचत असेल तर त्याचे दोन. तेव्हा आकड्याकडे पावसाच्या अंदाजाइतक्याच विश्वासाने पाहावे. मी स्वतः दोनच गोष्टी पाहतो. आलेला माणूस दुसरे पान उघडतो का, आणि तो पुन्हा येतो का.

आता हे वाचक येतात कुठून? काही जण पत्ता माहीत असतो म्हणून थेट येतात. काही दुसऱ्या एखाद्या स्थळावरचा दुवा दाबून येतात, किंवा कोणी मोबाइलवर पाठवला म्हणून येतात. आणि बाकीचे काहीतरी शोधत असतात, शोधयंत्र त्यांना आपल्याकडे पाठवते. बातम्यांच्या स्थळाची गोष्ट थोडी निराळी आहे. पण माहितीच्या स्थळाला, म्हणजे ज्यावरचा लेख पाच वर्षांनीही उपयोगी पडावा अशा स्थळाला, नवा वाचक मुख्यतः या शेवटच्या वाटेनेच मिळतो.

शोधयंत्राचे काम समजायला अवघड नाही. त्याचे प्रोग्रॅम एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर असे फिरतात आणि पाने वाचून ठेवतात. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी एक अवाढव्य सूची त्यातून तयार होते : कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे. आपण शब्द टाकतो तेव्हा यंत्र ही सूची उघडते. पण एका शब्दाला लाखो पाने निघाली तर आधी कोणते दाखवायचे? स्टॅनफर्ड विद्यापीठातले दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, यांनी १९९८ साली ज्या कल्पनेवर गूगल उभे केले ती इथेच उपयोगी पडली. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा दिला म्हणजे त्याच्या बाजूने साक्ष दिली असे समजायचे, आणि साक्षीदाराची स्वतःची पत किती हेही बघायचे. आपण नव्या गावात डॉक्टर शोधताना हेच करतो. चार जणांना विचारतो आणि त्या चारांतही जुन्या औषधविक्रेत्याच्या शब्दाला जास्त वजन देतो. आज क्रम लावताना इतरही पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, पण ही साक्षीची कल्पना टिकून आहे.

मराठीपुरती एक वेगळी अडचण होती आणि तिचे अवशेष अजून शिल्लक आहेत. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी स्थळे ज्या फाँटमध्ये होती, त्यांत पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या पोटात एखादे इंग्रजी अक्षरच असे. त्या अक्षराला मराठी अंगरखा चढवलेला, एवढेच. वाचकाकडे तोच फाँट नसेल तर सगळी गिचमिड दिसायची, आणि शोधयंत्राला तर कायमच गिचमिड दिसायची. जगातल्या लिप्यांना एकेक पक्का क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत १९९१ साली आली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली, आणि तिथून हळूहळू मराठी मजकूर यंत्राला मराठी म्हणून वाचता येऊ लागला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की पुष्कळ संस्थांचे उत्तमोत्तम साहित्य आजही यंत्राला दिसत नाही. जुन्या फाँटमध्ये जुळवलेला दिवाळी अंक तसाच पीडीएफ करून चढवलेला असतो. स्मरणिकेच्या पानांचे फोटो लावलेले असतात. परीक्षा अगदी सोपी आहे. आपल्या पानावरची एक ओळ उचलून शोधयंत्राच्या चौकटीत चिकटवा. ओळ जशीच्या तशी उमटली तर ठीक. भलतीच अक्षरे उमटली, किंवा ओळ उचलताच आली नाही, तर ते पान शोधणाऱ्याच्या हाती लागण्याची आशा फार थोडी. छायाचित्रातली अक्षरे ओळखणारे प्रोग्रॅम आता चांगले काम करतात. त्यांच्याकडून मजकूर काढून, जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालून, तो युनिकोडमध्ये चढवणे हे कंटाळवाणे काम आहे खरे. पण जाहिरातीवर खर्च करण्याआधी ते करावे असे मी प्रत्येकाला सांगतो.

इतके झाले तरी लोक येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांची स्थळे मी उघडून बघतो. बहुतेक वेळा घोटाळा यंत्रात नसतो, शब्दात असतो.

मराठी लेखाला शीर्षक देण्याची आपली एक परंपरा आहे. शीर्षक सूचक असावे, थोडे काव्यात्म असावे, लेख वाचल्यावर त्याचा अर्थ उलगडावा. छापील पुरवणीत हे शोभते, कारण वाचकाच्या हातात अंक आलेलाच असतो. शोधणाऱ्याच्या हातात काहीच नसते. समजा, शेतजमिनीच्या वारस नोंदीवर कोणी अतिशय उपयुक्त लेख लिहिला आणि त्याला 'मातीचे ऋण' असे नाव दिले. आता ज्याचे वडील नुकतेच वारले आहेत असा एखादा मुलगा मोबाइलवर काय टाकेल? 'वडिलांच्या नावावरची जमीन मुलांच्या नावावर कशी करायची', 'वारस नोंद कागदपत्रे', 'सातबारावर नाव लावणे'. 'मातीचे ऋण' तो कधीच टाकणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. हे त्याला माहीत नाही, आणि ज्या लेखात ते लिहिले आहे तो त्याला दिसत नाही. मग कोणा मध्यस्थाला पैसे देऊन तो हे काम उरकतो. लेखकाने मेहनत केली, वाचकाला गरज होती, आणि दोघांची गाठ पडली नाही.

म्हणून शीर्षकात वाचकाचा शब्द हवा. सरकारी शब्द आणि लोकांचा शब्द निराळे असतील तर लेखात दोन्ही यावेत, एक शीर्षकात आणि दुसरा पहिल्या परिच्छेदात. कागदावर 'अधिकार अभिलेख' असते, माणूस 'सातबारा' म्हणतो. आजाराला डॉक्टर एक नाव देतात, घरात 'नागीण उठली' म्हणतात. गावांचेही तसेच. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण जुनी कागदपत्रे शोधणारा माणूस जुने नावही टाकतो. काव्यात्म शीर्षकाची हौस असेल तर ते उपशीर्षकात घ्यावे, मला त्याचे वावडे नाही.

मराठीच्या व्याकरणाचाही यात हात आहे. आपले शब्द विभक्ती लागली की रूप बदलतात. 'विहीर' हा शब्द 'विहिरीला', 'विहिरीसाठी' असा होतो, ऱ्हस्व-दीर्घ बदलते. 'पाऊस' तर 'पावसाचा' होऊन पार वेगळाच दिसू लागतो. माणसाला हे शिकवावे लागत नाही. यंत्रांनाही ते आता बरेचसे कळते, पण त्यावर विसंबून राहू नये. ज्या विषयाचा लेख आहे तो शब्द मूळ रूपात निदान एकदा, आणि शक्यतो शीर्षकात, यावा. 'विहिरींविषयी थोडेसे' यापेक्षा 'विहीर : जागा कशी निवडावी' हे शोधणाऱ्याला लवकर सापडते, आणि माझ्या मते वाचायलाही बरे वाटते.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे, दिसायला एक असलेला शब्द यंत्राच्या लेखी दोन असू शकतो. 'ॲसिडिटी'तला पहिला 'ॲ' घ्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी 'अ' काढून वर अर्धचंद्र देत, आणि आजही काही कळफलक तसेच देतात. 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला रफारासारखा नसलेला आडवा 'र'ही दोन पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर फरक दिसत नाही. मोठी शोधयंत्रे दोन्ही रूपे पुष्कळदा जुळवून घेतात, पण आपल्या स्थळावरच जी शोधाची छोटी चौकट असते ती सहसा जुळवत नाही. वाचक आपल्याच घरात येऊन शोधतो आणि 'काही सापडले नाही' असे उत्तर घेऊन जातो. दोन्ही तऱ्हांनी टंकून एकदा पाहावे.

शिवाय पुष्कळ मराठी माणसे मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकतात. 'थालीपीठ' रोमनमध्ये कोण कसे लिहील याला धरबंध नाही. पण म्हणून सगळ्या लेखाची रोमन नक्कल करू नये. पानाच्या पत्त्यात तो शब्द साध्या रोमन अक्षरांत ठेवावा, तेवढे पुरते. त्याने आणखी एक फायदा होतो. पत्त्यात देवनागरी ठेवली, तर तो दुसऱ्याला पाठवताना अनेकदा टक्क्यांची चिन्हे आणि आकडे यांची लांबलचक माळ होते. एका देवनागरी चिन्हाची त्यात नऊ अक्षरे होतात. 'कांदा' हा शब्द संगणकाच्या हिशेबी पाच चिन्हांचा, म्हणजे पंचेचाळीस अक्षरांचा झाला. असला पत्ता पाहून माणूस तो दाबायलाच घाबरतो.

आडवाटांविषयी फार बोलत नाही. एकच शब्द पानात पन्नास वेळा कोंबणे, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणे, पैसे देऊन दुवे लावून घेणे हे सगळे होऊन गेले आहे. पानाच्या पोटात न दिसणारी शब्दांची यादी भरण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण क्रम लावताना आपण ती यादी पाहत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले. २०११ साली 'पांडा' आणि २०१२ साली 'पेंग्विन' अशी गोंडस नावे असलेले बदल झाले. पहिल्याने उथळ, भरताड मजकुराची स्थळे मागे टाकली, दुसऱ्याने विकतच्या दुव्यांची.

खरा दुवा मिळतो तो कोणाला तरी आपले पान उपयोगी पडले म्हणून. शिक्षकांच्या मोबाइलवरील गटांत एखादा लेख फिरू लागला की दोन दिवसांत त्या पानाच्या भेटी एकदम वाढतात. अशा गटातून आलेला वाचक आकडेवारीत पुष्कळदा 'थेट आलेला' म्हणून दिसतो, कारण तो कुठून आला याची खूण सोबत येत नाही. त्यामुळे अचानक थेट वाचक वाढलेले दिसले, तर आपला लेख कुठेतरी फिरतो आहे असे समजायला हरकत नाही.

वेळेचेही भान हवे. मोदकाची कृती गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी चढवून उपयोग नाही. यंत्राने ते पान वाचून, सूचीत घेऊन, चार ठिकाणांहून त्याला दुवे मिळेपर्यंत विसर्जन झालेले असते. महिनाभर आधी ते तयार हवे, आणि दर वर्षी नवे पान न काढता तेच पान सुधारावे. काही प्रश्न तर दोन-तीन वर्षांनी परततात. अधिक मास म्हणजे काय, त्यात काय करतात, हे लोक २०२३ साली अधिक श्रावणात शोधत होते. त्यानंतरचा अधिक मास २०२६ सालचा, ज्येष्ठ. जुने पान जाग्यावर असले की पुन्हा वाचक येतात.

जाग्यावर असले की, हे महत्त्वाचे. चांगला पत्ता कधी बदलत नाही, अशा अर्थाचे टिपण महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली लिहून ठेवले आहे. आपल्याकडे मात्र दर तीन-चार वर्षांनी स्थळाची रंगरंगोटी होते आणि सगळ्या पानांचे पत्ते बदलतात. माझ्या माहितीतल्या एका संस्थेने असेच नवे रूप घेतले आणि आठ-दहा वर्षांत जमलेले सगळे दुवे एका दिवसात रिकाम्या पानावर नेऊन सोडले. नवे रूप देखणे होते. पत्ते बदलणे भागच असेल, तर जुन्यावरून नव्याकडे आपोआप नेण्याची सोय करून घ्यावी. काम करून देणाऱ्याकडून हे आधी कबूल करून घ्यावे, कारण तो स्वतःहून क्वचितच करतो.

बाकी, पान मोबाइलवर नीट दिसावे हे आता सांगायलाही नको. २०१५ पासून गूगल मोबाइलवरच्या शोधात तशा पानांना झुकते माप देऊ लागले, आणि २०१६ साली जिओ आल्यानंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे पुष्कळ नवा मराठी वाचक आला तो मोबाइलवरच. मोठमोठी चित्रे कमी करावीत. लेखाच्या पहिल्या चार ओळींत मुख्य उत्तर द्यावे, तपशील नंतर. आणि लेखाच्या शेवटी वाचकाच्या मनात पुढचा प्रश्न कोणता येईल तो ओळखून तिथे आपल्याच दुसऱ्या लेखाचा दुवा द्यावा. वारस नोंद वाचणाऱ्याला पुढे जमिनीची वाटणी हवी असते, तिथे पाककृती दाखवू नये.

आता एक अप्रिय भाग. दुसऱ्याच्या दारातून येणारी गर्दी त्या दाराच्या मालकाच्या मर्जीवर असते. २०१३ साली गूगल रीडर बंद झाले, २०१४ साली ऑर्कुट. २०१८ साली फेसबुकने कुटुंब आणि मित्र यांच्या मजकुराला पुढे आणायचे ठरवले आणि त्यावर विसंबलेल्या प्रकाशनांचे वाचक घटले. ऑगस्ट २०२४ पासून तर भारतातही गूगलच्या काही शोधांत अगदी वर यंत्राने रचलेले उत्तर दिसू लागले. दहा स्थळांवरचा मजकूर वाचून यंत्र चार वाक्यांत उत्तर देते, आणि ज्याला चार वाक्येच हवी होती तो पुढे येत नाही. पान उघडले जाण्यावर ज्यांचे जाहिरातीचे उत्पन्न आहे, त्यांच्या पोटावर हा पाय आहे, हे मान्य केले पाहिजे. यावर हमखास तोड मी पाहिलेली नाही.

माझ्यापुरते मी दोन गोष्टी करतो. तिथीची तारीख किंवा एखाद्या शब्दाचा अर्थ, असे चार वाक्यांत संपणारे लेख आता फारसे घेत नाही. ज्याने स्वतः ते काम केले आहे त्याच्याकडून लिहून घेतो. वारस नोंदीला अर्ज दिल्यावर नोटीस कधी आली, हरकत कोणी घेतली, कोणता कागद दुसऱ्यांदा आणावा लागला, हे ज्याने खेटे घातले तोच सांगू शकतो, आणि ते वाचायला माणसे अजून येतात. दुसरे म्हणजे, ज्यांना हवे असेल त्यांना महिन्यातून एकदा ई-मेलने नव्या लेखांची यादी पाठवतो. ही नावे थोडी असतात, पण मधे कोणाचे दार नसते.

आणि दर महिन्याला एक यादी जरूर पाहतो. कोणते शब्द शोधताना आपले पान समोर आले आणि किती जणांनी ते उघडले, हे गूगल संकेतस्थळाच्या मालकाला विनामूल्य दाखवते. तिथे खाली खाली जावे. वरचे पाच-दहा शब्द ओळखीचेच असतात. खाली असे प्रश्न सापडतात, जे लोकांनी विचारले, आपले पान त्यांना दूरवर कुठेतरी दिसले आणि त्यांनी ते उघडले नाही, कारण त्यात त्यांचे उत्तर नव्हते. 'बहिणीने हक्कसोड केले नाही तर वारस नोंद होते का', असा प्रश्न मला या यादीतच मिळाला. त्यावरचा लेख सध्या एका वकिलांकडून लिहून घेतो आहे. शीर्षक तेच ठेवणार आहे.